पडण्याची मुभा

दहीहंडीच्या दिवशी दादर पश्चिमेच्या आयडियल गल्लीत कधी गेला असाल, तर दृष्टिहीन गोविंदांना थर लावताना पाहिलं असेल. नयन फाउंडेशन ही संस्था अंध तरुणांचं हे पथक चालवते. एकमेकांच्या खांद्यांचा अंदाज हातांनी घेत, आवाजाच्या इशाऱ्यावर ही मुलं तीन-चार थर लावतात. लालबाग-परळमधले सात-आठ थर बघून मान अवघडलेली गर्दी इथे क्षणभर गप्प होते आणि वरचा एक्का उभा राहिला की टाळ्यांचा कडकडाट होतो.

मला बरेच दिवस छळणारा प्रश्न या टाळ्यांपासून सुरू होतो. तेवढेच थर डोळस पोरांनी लावले असते तर गर्दीतून आवाज आला असता, ‘एवढ्यावरच? अजून एक लावा की!’ मग इथल्या जादा टाळ्या कशाच्या? अवघड काम नीट केल्याच्या, की ‘बिचारे असूनही’ केल्याच्या? स्टेला यंग ही ऑस्ट्रेलियातली पत्रकार चाकाच्या खुर्चीवर वावरायची. २०१४ साली एका भाषणात तिने सांगितलं होतं की, तुम्हाला प्रेरणा देणं हे माझं काम नाही. आम्हाला बघून लोकांना वाटतं, आपलं आयुष्य इतकं काही वाईट नाही. आणि ते समाधान घेऊन ते घरी जातात, असा तिचा रोख होता. ते ऐकल्यापासून टाळी वाजवताना माझा हात जरा अडखळतो.

पण टाळ्यांवर टीका करणं सोपं आहे. टाळ्या शेवटी येतात. त्याच्या कितीतरी आधी, गुरुपौर्णिमेच्या सुमारास सराव सुरू होतो तेव्हा, एक जास्त अवघड प्रश्न असतो: या मुलांना चढू कुणी दिलं? आणि चढू द्यायचं की नाही हे ठरवणारे आपण कोण?

हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्याच घरात आला. माझा मावसभाऊ नायगावला राहतो. आठव्या वर्षी डोळ्यांच्या आजारात त्याची दृष्टी गेली. विसाव्या वर्षी, कॉलेजातल्या मित्रांच्या ओळखीने, त्याने एका पथकात सरावाला जायचं ठरवलं. मावशीने मला फोन केला. घरात इंजिनियर मी एकटाच, त्यामुळे समजूत घालायची सगळी कामं माझ्याकडे येतात. ‘तू सांग त्याला. तुझं ऐकेल. अरे, दिसणारी पोरं पडतात, हात-पाय मोडून घेतात, आणि हा चढणार?’

मी गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘दादा, तळाच्या थरातला माणूस कुठे बघत असतो?’

मी विचार केला. तळाच्या थरातली माणसं गोल करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, मान खाली घालून उभी असतात. वर काय चाललंय हे त्यांना खांद्यावरच्या वजनावरून कळतं.

‘म्हणजे त्यांनाही काही दिसत नाही,’ तो म्हणाला. ‘मग मला काय वेगळं?’

या युक्तिवादात खोट काढणं मला जमलं नाही. मावशीला मात्र जमलं, आणि तिचं म्हणणं मला आजही तितकंच खरं वाटतं. ती म्हणाली, ‘दिसणाऱ्या पोराचा हात मोडला तर त्याचा हात मोडतो. याचा हात मोडला तर याचे डोळे जातात.’ काठी धरायची ती हातानेच, ब्रेल वाचायचं ते बोटांनीच, मोबाइल वाचून दाखवतो तोही बोट फिरवल्यावरच. मनगट प्लास्टरमध्ये गेलं तर दोन महिने चालणं, वाचणं, कॉलेज, सगळंच अडतं. पडणं दोघांचं सारखंच, पण त्याची किंमत सारखी नाही.

या दोन बाजूंच्या मध्ये मला एक जुना शब्दप्रयोग सापडला. १९७२ साली रॉबर्ट पर्स्की या अमेरिकी लेखकाने ‘जोखमीची प्रतिष्ठा’ अशी कल्पना मांडली. मतिमंद म्हणून ज्यांना सगळीकडे जपून ठेवलं जायचं, अशा माणसांबद्दल तो लिहीत होता. त्याचं सांगणं असं की, अति जपणुकीत माणसाचा अपमान असतो. जगताना सगळेच थोडाफार धोका पत्करतात. कुणा एकाच्या वाटेतला धोका पूर्ण काढून घेतला, तर त्याच्या आयुष्याचा काही भागही त्याबरोबर जातो.

१९७२ म्हटलं की आपल्याकडे दुष्काळ आठवतो. पण त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पेटकर लष्करात होते आणि १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. अधू झालेल्या शरीराने पाण्यात उतरणं ही काही कुणाच्या आईला निर्धास्त करणारी गोष्ट नव्हे.

मुंबईत अपंगांसाठीचं काम त्याआधीपासूनचं आहे. अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली सुरू केलेली अंधांची शाळा आज दादरला आहे. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ची. वरळीला मुख्यालय असलेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची स्थापना १९५२ची. या संस्थांनी हजारो माणसांना अक्षर आणि भाकरी दिली. त्यांचं ऋण मोठं आहे. तरी अंधांसाठी म्हणून पिढ्यान् पिढ्या योग्य मानली गेलेली कामं आठवून पाहा: खुर्च्यांचं वेतकाम, मेणबत्त्या, खडू, संगीत, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. यातल्या प्रत्येक कामाला कौशल्य लागतं. पण एक धागा समान आहे. ही सगळी एका जागी बसून करायची कामं आहेत. संधी देतानाही आपण एक न बोललेली अट घातली होती: जागचं हलायचं नाही.

आता गंमत बघा. ज्या माणसाला आपण थरावर चढू देत नाही, तो रोज सकाळी काय करतो? दादर स्टेशनचा पूल चढतो. फुलबाजाराच्या गर्दीतून, पदपथावर मांडलेल्या टोपल्या चुकवत काठीने वाट काढतो. गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीवरून पाय टाकून अपंगांच्या डब्यात शिरतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरलं की त्याच्या काठीला खड्डाही कळत नाही आणि उघडं गटारही. यातला एकही धोका त्याने निवडलेला नाही. त्याखाली झेलायला कुणी उभं नाही, सराव नाही, पट्टा नाही, विमा नाही. हा धोका आपल्याला दिसतही नाही, कारण तो रोजचा आहे.

म्हणजे आपला आक्षेप धोक्याला नसतोच. लादलेला धोका आपण निमूट चालवून घेतो, आणि त्याने आपणहून मागितलेला धोका मात्र काळजीपोटी नाकारतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली नैतिक गाठ इथे आहे. काळजी खरी असते, मावशीची तर होतीच. पण जी काळजी फक्त आनंदाच्या वाटेवर आडवी येते आणि पदपथावर कधी दिसत नाही, तिच्यात काहीतरी चुकतंय.

डोळस गोविंदांच्या बाबतीत आपण काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. थर उंच होत गेले, मुलं जायबंदी झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. २०१७ साली उंचीची अट गेली आणि वयाची अट चौदावर आली. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणायचं ठरवलं आणि विम्याचं संरक्षण जाहीर केलं. या निर्णयांबद्दल तुमचं मत काहीही असो, वादाची दिशा बघा: वय किती, उंची किती, दोर, हेल्मेट, विमा. डोळस माणसाच्या धोक्यावर आपण व्यवस्था शोधतो. अंध माणसाच्या धोक्यावर पहिला शब्द येतो तो ‘नको’.

आमच्या धंद्यात नवीन आलेल्या पोराला आम्ही एक वेगळी यंत्रणा देतो. खऱ्या यंत्रणेसारखीच, पण तिथे त्याने काही मोडलं तर ग्राहकाचं नुकसान होत नाही. तिथे मोडतोड केल्याशिवाय कुणी इंजिनियर झालेला मी पाहिलेला नाही. ‘तुझ्याकडून चुका होतील, म्हणून तू कोड लिहू नकोस’ असं कुणी म्हणत नाही. चूक झेलणारी जागा आधी तयार करतात. गोविंदाच्या थराभोवती हात वर करून उभी असलेली माणसं तेच काम करत असतात.

मावशीच्या आक्षेपाचं उत्तरही मला तिथेच सापडतं. पडण्याची किंमत त्याला जास्त आहे हे खरं. मग ती किंमत वाटून घ्यायला हवी. झेलणारे हात जास्त हवेत, सराव जास्त दिवस हवा, विमा हवा, आणि मनगट मोडलंच तर दोन महिने कॉलेजात कोण नेईल हे आधी ठरलेलं हवं. हे काहीच न करता ‘त्याचा धोका, त्याचा निर्णय’ म्हणून मोकळं होणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. पर्स्कीचा शब्द हातात घेऊन जबाबदारी झटकणंही तितकंच सोपं आहे, हे विसरता येत नाही.

आमच्याकडे तेच झालं. मावशीने अटी घातल्या: पहिल्या वर्षी फक्त तळाचा थर, सरावाला जाता-येता मित्र सोबत, आणि पथकाच्या प्रशिक्षकांशी ती स्वतः बोलणार. तो तळाच्या थरात उभा राहिला. ती हंडी बघायला मात्र आली नाही, आणि अजूनही येत नाही.

या निमित्ताने अपंगांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र गट असतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३पासून दृष्टिहीनांसाठी केंद्र आहे. त्यांच्या ‘अंतर्चक्षू’ या उपक्रमात डोळसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना रोजचे व्यवहार करायला लावतात. पट्टी बांधल्यावर कळतो तो आंधळेपणाचा पहिला अर्धा तास, त्यातली घाबरगुंडी. वीस वर्षांत कमावलेलं कसब त्यात येत नाही, हा धोका आहेच. तरी नोटा चाचपडणाऱ्या डोळस माणसाला एक गोष्ट समजते: अडचण डोळ्यांत जितकी आहे तितकीच नोटेतही आहे.

कोणताही कार्यक्रम पाहिला की मी आता तीन प्रश्न विचारतो. यात भाग घेणारा हरू शकतो का, की सगळ्यांना सारखंच पदक आहे? तो आपला आपण येऊ-जाऊ शकतो का? आणि ठरवणाऱ्यांच्या खोलीत त्याच्यासारखं कुणी बसलेलं आहे का? अपंगांच्याच एका स्पर्धेचा ऑनलाइन अर्ज माझ्या भावाने भरायला घेतला होता. शेवटी कॅप्चा आला: ज्या चित्रांत बसथांबे आहेत ती निवडा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली लिहायला घेतला, तो जगभर फुकट मिळतो. पण चित्रातला बसथांबा तोही वाचू शकत नाही. त्या फॉर्मची चाचणी घेताना खोलीत एक जरी अंध माणूस असता, तर हे पाच मिनिटांत लक्षात आलं असतं.

कायद्याने हे कधीच मान्य केलंय. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि खेळ यांसाठी स्वतंत्र कलमं आहेत. ती दयेखातर नाहीत, हक्क म्हणून आहेत. पण कागदावरून रस्त्यावर यायला वेळ लागतो. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी सार्वजनिक जागा सुगम व्हाव्यात म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान निकष बंधनकारक हवेत, हे न्यायालयाने स्पष्ट केलं ते नोव्हेंबर २०२४मध्ये. मधली एकोणीस वर्षं माणसं त्याच पदपथांवरून चालत होती.

आयडियल गल्लीतल्या टाळ्यांबद्दल माझं मत आता थोडं मवाळ झालं आहे. वाजवाव्यात, भरपूर वाजवाव्यात. फक्त एखाद्या वर्षी त्या पथकाचा थर कोसळेल, मुलं हसत, कपडे झटकत उठतील, तेव्हा गर्दीतून ‘अरेरे, कशाला चढवतात यांना?’ असं कुणी म्हणू नये. इतर पथकांना म्हणतो तेच त्यांनाही म्हणावं: ‘परत लावा!’