देवदूत आणि कैदी

कॉमर्सचा पदवीधर सहसा तत्त्वज्ञानाच्या वाटेला जात नाही. जमा आणि नावे या दोन बाजू जुळल्या की त्याला मोक्ष मिळतो. पण गेल्या श्रावणात आमच्या घरात एक खून झाला, आणि तो कोणाच्या नावे टाकायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घाबरू नका. मयत मासा होता.

चिरंजीवांच्या हट्टापायी आम्ही तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आणली. काठोकाठ भरली तर पाणी सव्वाशे लिटर. (हिशेब दोनदा तपासलाय. सवय!) मासे मात्र मी वरपक्षाप्रमाणे निव्वळ रूप बघून पसंत केले. सात चिमुकले निऑन टेट्रा. दोन एंजल, म्हणजे साक्षात देवदूत. लांब पर, संथ चाल. आणि काळ्या पट्ट्यांची एक जोडी. दुकानदार म्हणाला, "हे कॉन्व्हिक्ट." कैद्याच्या कपड्यांसारखे पट्टे म्हणून हे नाव. म्हणजे बिचाऱ्यांना शिक्षा आधी झाली, गुन्हा मागाहून व्हायचा होता.

तो झालाच. मातीच्या आडव्या कुंडीत कॉन्व्हिक्टांनी अंडी घातली आणि त्यांचा नूरच पालटला. सकाळी एक एंजल तरंगत होता, पर फाटलेले. घरात कोर्ट बसलं. निकालाला पाच मिनिटं पुरली. मी त्या दोन्ही गुंडांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात परत नेलं.

दुकानदाराने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, तुमचे निऑन कुठायत?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सातांपैकी चार दिसत नव्हते.

"ते एंजलने खाल्ले. वाढला की तोंडात मावेल ते खातो. तोही सिक्लिडच, या पट्टेवाल्यांचा भाऊबंद. फक्त हा अ‍ॅमेझॉनचा आणि हे मध्य अमेरिकेतले. यांची नदीत गाठच पडली नसती, ती तुम्ही घालून दिलीत. अंड्यांजवळ कोणी आलं की हे हाकलतात. नदीत तो पळून जातो, विषय संपतो. तुमच्या टाकीत पळणार कुठं?"

घरी येऊन बघतो तर उरलेल्या देवदूताने पोरक्या अंड्यांचा फडशा पाडला होता. त्याच्यावर कोणी खटला भरला नाही. नाव चांगलं असलं की बरंच भागतं.

तेव्हापासून मी सिक्लिडांच्या सोयरिकी नीट बघायला शिकलो. मासे साधारण एका आकाराचे हवेत. पाणी सगळ्यांना एकच मानवलं पाहिजे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं, ॲमेझॉनवाल्यांना मऊ. मध्ये दगड आणि आडोसे हवेत, म्हणजे एकमेकांचं तोंड सारखं दिसत नाही. मलावीचे मासे पाळणारे तर मुद्दाम गर्दी करतात, कारण दांडगटाला मग एकच बळी धरून बसता येत नाही. आपल्या लोकलच्या डब्यात हाणामारीला हात उचलायलाच जागा नसते, तसंच हे.

गोव्यात ज्याला काळुंदर म्हणून तळतात तोही सिक्लिडच. त्याचा शेजारी नारिंगी क्रोमाइड. हा काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतो, आणि संधी मिळाली की त्याचीच अंडी खातो. आता याला सज्जन म्हणायचं की दुर्जन? आमच्या चाळीत असे तीन होते. तिघांनाही सगळे 'भाऊ' म्हणत.

गंमत इथे संपली असती. पण एका रात्री टाकीसमोर बसलो असताना मला आई आठवली.

पाच वर्षांपूर्वी ती धाकट्याकडे नाशिकला गेली. आमचा स्वयंपाकाचा ओटा चार फुटांचा. त्यावर दोन बायका आणि मसाल्याचे दोन डबे. रोज काहीतरी खटकायचं. मी तेव्हाही पाच मिनिटांत निकाल दिला होता : आईचा स्वभावच तसा. नाशिकच्या घराला मागे अंगण आहे. तिथल्या शेजारणी आईच्या गोड स्वभावाचं कौतुक करतात. आई तीच, स्वभाव तोच. सौ.चाही गुन्हा मला सापडत नाही. दोघींना चार फुटांत आणून सोडणारा मी, आणि न्यायाधीशही मीच.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळा दोष टाकीचाच का? माणसाची काहीच जबाबदारी नाही? आहे की. कॅश कमी भरली तर 'काउंटर अरुंद होता' हे आमचे साहेब ऐकून घेत नाहीत. माशाला स्वतःला आवरता येत नाही, माणसाला येतं. पण आवरायलासुद्धा दोन पावलं मागे सरकावं लागतं, आणि तेवढी जागा तरी असावी लागते.

दिवाळीला आई येणार आहे. परवा बँकेतून आलो तर ओट्याशेजारी एक नवं घडीचं टेबल.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अहो, माशांना कुंडी ठेवलीत ना? मग आईंना डबा ठेवायला जागा नको?"

मी काही बोललो नाही. टेप काढून टेबल मोजलं. दीड फूट आहे. पुरेल का, ते उद्या दुकानदाराला विचारून बघतो.