चौकटीचे काम

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर ड्रॉइंगच्या परीक्षा, एवढेच. कादंबऱ्या लिहितो म्हणून गावात थोडा मान आहे. परंतु गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने मला जो प्रश्न विचारला, त्यापुढे हा मान आणि ही विद्या दोन्ही निरुपयोगी ठरली.

हा मुलगा बी.ए. झाल्यावर दोन वर्षे एस.टी. स्टँडसमोरच्या पानाच्या टपरीपाशी उभा असे. आई लोकांच्या मळ्यात खुरपणीला जाई. तालुक्याच्या गावी माझ्या एका परिचिताने बारा संगणक मांडून एक केंद्र काढले होते. तेथे मी त्याला लावून दिले. काम ऐकून मला हसूच आले. पडद्यावर परदेशातल्या रस्त्यांची छायाचित्रे येतात. त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती, मोटारीभोवती, सिग्नलभोवती चौकट आखायची. चौकट वस्तूच्या कडेला घट्ट टेकली पाहिजे, सैल राहिली की बाद. अशा लाखो चौकटी पाहून आपणहून चालणाऱ्या मोटारीला म्हणे रस्ता उमगू लागतो. पैसे नगावर. “सर, तुम्ही आठवीत आयत काढून घ्यायचात, ते असे कामाला आले,” तो म्हणाला, आणि मास्तराला याहून अधिक काय हवे असते? चार महिन्यांत त्याने घरावर नवे पत्रे घातले. मी ही गोष्ट चारचौघांत सांगू लागलो. आणखी दोघांना तेथेच पाठवले.

मग एका सोमवारी त्याचे मागच्या संबंध आठवड्याचे काम ‘नापसंत’ असा शेरा होऊन परत आले. कारण दिलेले नव्हते. पैसे मिळणार नव्हते. केंद्रचालक म्हणाले, “वरून आले आहे.” वर म्हणजे कोठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते, काम देणारी कंपनी एक, तिच्याकडून घेणारी दुसरी, हे तिसरे. संध्याकाळी मुलगा माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “सर, कोणाला विचारायचे?”

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांचे होते. त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. खडीचा ढीग मापून ब्रासवर मजुरी मिळे, आणि मापात लबाडी झाली तर मुकादमाशी भांडता येई; तो नाही ऐकला तर तहसीलदाराच्या दारात बसता येई. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, आणि काम मागणे हा हक्क ठरला. त्या कामाचे गोडवे मी गाणार नाही. वडिलांच्या बोटांना पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. तरीपण आमच्या गावाबाहेरचा रस्ता दाखवून ते म्हणत, “ही खडी आमची.” माझ्या विद्यार्थ्याने कोणता रस्ता दाखवायचा? त्याने आखलेला रस्ता कोणत्या देशात आहे, हेसुद्धा त्याला माहीत नाही.

१७७० च्या सुमारास व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारी एक कळसूत्री बाहुली आणली गेली. तिला तुर्की वेष होता. भलेभले तिच्यापुढे हरत. पेटीच्या आत एक माणूस दडवलेला असे. अॅमेझॉनने २००५ साली अशा किरकोळ कामांचा बाजार उघडला, तेव्हा त्याला त्याच बाहुलीचे नाव दिले, ‘मेकॅनिकल टर्क’. आतल्या माणसाची लाज तर वाटली नाहीच, उलट तोच पाटीवर लिहिला!

आमचे हेडमास्तर या माझ्या तक्रारीला हसतात. “भुकेल्याच्या पानात मिठाची जागा चुकली म्हणून ताट परत न्यायचे का?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. टपरीपाशी उभे राहण्यापेक्षा चौकटी बऱ्या, हे मुलाची आईही सांगेल. परंतु हे काम असेच असते, असे जेव्हा ते म्हणतात, तेव्हा मात्र मला पटत नाही. नैरोबीत यंत्राला सभ्यपणा शिकवण्यासाठी गलिच्छ मजकूर वाचून त्यावर खुणा करणाऱ्यांना तासाला दोन डॉलरांहूनही कमी मिळत होते, हे २०२३ साली उघड झाले. त्याच वर्षी कर्नाटकात ‘कार्य’ नावाची संस्था खेड्यातल्या बायकांकडून मोबाईलवर कन्नड वाक्ये वाचून घेई, तासाला सुमारे पाच डॉलर देई, आणि तो आवाज पुन्हा विकला गेला तर पुन्हा वाटा देण्याचे तिचे वचन होते. यंत्राला शिकवण्याचेच काम दोन्हीकडे. म्हणजे दर ठरतो तो माणसांनी ठरवला म्हणून. यंत्राच्या पोटातून तो निघत नाही.

मग मी काय केले होते? आमच्याकडे सोयरीक जुळवणाऱ्याला मुलगी दहा वर्षांनी माहेरी आली तरी जाब विचारतात, आणि तो खाली मान घालून ऐकतो. मी तीन मुलांची सोयरीक जुळवली आणि घर पाहिले नाही. दर कोण ठरवतो, काम बाद कोण करतो, दाद कोठे मागायची, यांतले काहीही न विचारता मी फक्त श्रेय घेतले. काम मिळवून देणे हा उपकार खरा. पण तो करणाऱ्याला किती आंधळे होण्याची मुभा आहे, हे मला त्या ओट्यावर बसेपर्यंत सुचले नव्हते.

मी त्याला दोनशे पानी वही आणून दिली. रोज किती चित्रे, किती चौकटी, किती बाद, हे तो तिच्यात लिहितो. बाकी दोघेही लिहितात. पहिल्या रविवारी त्या आठवड्याचा हिशेब आठवून लिहून काढला आणि आम्ही चौघे केंद्रावर गेलो. परिचिताने चहा मागवला, मला “तुम्ही कशाला त्रास घेतलात” असे म्हटले, आणि वरच्या कंपनीला पत्र लिहिण्याचे कबूल केले. सहा दिवसांपैकी तीन दिवसांचे पैसे महिन्याभराने आले. उरलेल्या तीन दिवसांचे उत्तर अद्याप आलेले नाही. मुलगा अजून तेथेच जातो.