प्रवाह आणि विवेक

खडवलीस भातसेच्या कांठीं राहणारांस ठाऊक आहे कीं, प्रवाह उतार पाहतो, न्याय पाहत नाहीं. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’ (१८८४) या कादंबरींत हक हा मुलगा व जिम हा पळालेला गुलाम यांस मिसिसिपी नदीवर तराफ्यांत बंधुभाव लाभतो. म्हणून पुष्कळ वाचक त्या नदीस स्वातंत्र्याचें चिन्ह मानितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुक्त प्रांतांकडील ओहायोचा संगम धुक्यांत चुकतो, आणि तोच प्रवाह जिमला गुलामगिरीच्या मुलुखांत अधिक खोल नेतो. गुलामास साह्य करणारा नरकास जातो, असें हक शिकला होता. तरी जिमचा ठावठिकाणा कळविणारें पत्र त्यानें फाडलें. तो निर्णय नदीचा नव्हे. लोकरीतिही प्रवाहच होय. वाचकहो, तिच्याविरुद्ध सोबत्याचा हात धरण्यास आपण सिद्ध आहों काय?