सहमूळ की दृढ?

आमच्या गल्लीत नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. बीड जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटणार नाही. गावचा बाजार रविवारचा. पाणी एकदा रविवारी आलं की पुढची पाळी बुधवारी, मग शनिवारी, मंगळवारी, शुक्रवारी, सोमवारी, गुरुवारी; पुन्हा बाजार आणि पाणी एकाच दिवशी यायला ७० दिवस जातात. शेजारच्या आक्कांनी गणित केलेलं नाही, पण 'पाणी कोणताच वार सोडत नाही' हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पाळी चौदा दिवसांची असती तर वार कायमचा ठरून गेला असता.

दहा आणि सात या सहमूळ संख्या. दोघींना भागणारी संख्या एकच, १. यात दहा मूळ संख्या नाही, तरी काही अडत नाही. ८ आणि ९ घ्या. दोन्ही संयुक्त, तरी एकमेकींशी सहमूळ. मूळ असणं हा एकट्या संख्येचा स्वभाव आहे, सहमूळ असणं हे दोघींमधलं नातं. पोरं नेमकी इथंच फसतात. 'सहमूळ' ऐकलं की त्यांना वाटतं, दोन्ही मूळच हव्यात. दोष पोरांचा नाही, शब्दाचा आहे.

याहून चांगला शब्द आपल्याकडे होता, गणिती भास्कराचार्यांचा. भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलं आहे. ते म्हणजे आमचं बीड, असं काही जण मानतात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, त्यामुळे पारडं तिकडंच झुकतं हे बीडकर असूनही कबूल करावं लागतं. तर या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, कुट्टकाचं, म्हणजे असा गुणक शोधायच्या रीतीचं, एक उदाहरण आहे: २२१ ला कितीनं गुणून त्यात ६५ मिळवले म्हणजे १९५ नं नि:शेष भाग जाईल? आधी तिन्ही संख्यांना १३ नं भागायचं. उरतात १७, ५ आणि १५. मग पाचनं गुणलं की काम झालं: १७ पंचे ८५, अधिक ५ म्हणजे ९०, पंधरा सक नव्वद. आधीच्या मोठ्या आकड्यांतही तेच, ११०५ अधिक ६५ म्हणजे ११७०, बरोबर १९५ ची सहापट. ६५ च्या जागी ६४ असते तर उत्तरच नव्हतं, कारण १३ नं ६४ ला भाग जात नाही. असा प्रश्नच सदोष, असं भास्कराचार्य ठरवतात.

सामाईक विभाजक काढून टाकल्यावर उरलेल्या १७ आणि १५ सारख्या जोडीला ते 'दृढ' म्हणतात. आता आणखी लहान होणार नाही, अशी. पंधरा मूळ आहे की नाही, हा प्रश्न या शब्दात उगवतच नाही.

शिक्षकांना एकच विनंती. शंभरपर्यंतच्या मूळ संख्या पाठ करून घेण्याआधी पोरांना २२१ आणि २२२ ही जोडी द्या, आणि कागद न घेता सांगायला लावा, दृढ आहे का?