संघात पंधरा, मैदानात पाच



आज सामान्य काळातील तिसरा रविवार. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी हा रविवार देववचनाचा रविवार म्हणून ठरवून दिला. तेव्हापासून आपल्या धर्मग्रामात याच दिवशी वर्षभराच्या वाचकांना वेदीसमोर बोलावून आशीर्वाद दिला जातो. त्यासाठी दोन आठवड्यांपूर्वी देवळाच्या दाराशी सेवकांची यादी लागली. वाचक, गायकवृंद, वेदीसेवक, ख्रिस्तप्रसाद वाटणारे, अर्पणाच्या थैल्या फिरवणारे, सणाला गाड्यांची व्यवस्था पाहणारे अशी ती यादी आहे. यादी लागली आणि आमच्या कानावर एकेक गोष्ट येऊ लागली. कोणाचे नाव रविवारच्या आठच्या मिस्सेवरून बुधवारच्या संध्याकाळच्या मिस्सेवर गेले. कोणाचे 'राखीव' या रकान्यात गेले. एका घरातून निरोप आला की यंदा आमच्यातले कोणीही सेवेला येणार नाही. शाळेच्या पटांगणात बास्केटबॉल खेळणारा एक मुलगा तर सरळ आमच्या तोंडावर म्हणाला, "फादर, तुम्ही आमच्या पप्पांना बाकावर बसवलंत."

त्या मुलाला आम्ही रागावलो नाही, कारण तो खरे बोलला होता. आज पौलाच्या पत्राचे जे वाचन आहे, त्यातही अशीच कुरबुर आहे. करिंथ येथील ख्रिस्ती लोकांत कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपोल्लोसचा, कोणी केफाचा. खलोवेच्या घरच्या माणसांनी ही बातमी पौलाला कळवली. म्हणजे धर्मग्रामातल्या तक्रारी बाहेर नेणारी माणसे पहिल्या शतकातही होती! त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल एका शरीराचा आणि त्याच्या पुष्कळ अवयवांचा दाखला देतो. तो आपण सर्वांनी इतक्यांदा ऐकला आहे की तो कानावरून निघून जातो. म्हणून आज त्या मुलाच्याच खेळातले एक उदाहरण घेतो.

अमेरिकेत टेक्सास राज्यात सान अंतोनियो नावाचे शहर आहे. १३ जून १६९१ रोजी स्पॅनिश लोक तेथील नदीकाठी पोहोचले. तो पदुआच्या संत अंतोनीचा सण होता, म्हणून त्या जागेला संताचे नाव मिळाले. आपल्याकडे मंगळवारी मेणबत्ती लावून हरवलेल्या वस्तू ज्याच्याकडे मागतात, तोच हा संत. या शहराचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ म्हणजे 'स्पर्स'. त्याच्या २०१३-१४ च्या हंगामाबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एनबीए या स्पर्धेत तेव्हा संघाच्या यादीत जास्तीत जास्त पंधरा खेळाडू असत. त्यातले तेरा एका सामन्यासाठी गणवेश घालत आणि मैदानात एका वेळी पाचच उतरत. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. पाच गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे, इतकीच शिदोरी प्रशिक्षकाजवळ असते आणि ती त्याला वाटायची असते. एकाला जास्त दिली की दुसऱ्याची कमी होते. आमच्या यादीचेही नेमके हेच दुखणे आहे. रविवारच्या मिस्सेला वाचने दोन, आणि वाचता येणारी माणसे, देवाच्या कृपेने, पुष्कळ.

त्या वर्षी स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी ही मिनिटे अशी वाटली की सबंध हंगामात एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांपर्यंत गेली नाही. सर्वात जास्त खेळला तो टोनी पार्कर, एकोणतीस मिनिटे आणि थोडी. चेंडू पुढे नेऊन खेळाची मांडणी करण्याचे काम त्याचे. गुणही त्याचेच सर्वाधिक, पण तेसुद्धा सामन्यामागे सतरा पुरते नाहीत. तरीही ब्याऐंशी सामन्यांपैकी बासष्ट सामने जिंकून हा संघ सर्वांत पुढे राहिला. मधल्या काळात तर लागोपाठ एकोणीस सामने जिंकले. पार्कर आणि बोरिस डिऑ फ्रान्सचे, मानू जिनोबिली अर्जेंटिनाचा, टियागो स्प्लिटर ब्राझीलचा, मार्को बेलिनेली इटलीचा, पॅटी मिल्स ऑस्ट्रेलियाचा, कोरी जोसेफ कॅनडाचा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या देशोदेशीच्या लोकांची यादी वाचताना आपल्या वाचकांची जीभ अडखळते. या संघाची यादी वाचतानाही तसेच होते.

यातल्या जिनोबिलीकडे पाहा. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघाचा तो आधारस्तंभ. कोणत्याही संघात तो पहिल्या पाचात सहज बसला असता. पण स्पर्समध्ये तो वर्षानुवर्षे बाकावरून उठून मैदानात जात असे. इतरांची दमछाक झाली की हा ताज्या दमाने उतरायचा. 'सहावा माणूस' हे त्या खेळातले एक नेमून दिलेले काम आहे, त्यासाठी वार्षिक पारितोषिकही असते आणि २००८ साली ते जिनोबिलीला मिळाले. पॅटी मिल्सची गोष्ट आणखी वेगळी. आदल्या हंगामात त्याला खेळायला फारसे मिळत नसे. तो बाकावर उभा राहून टॉवेल फिरवायचा आणि सोबत्यांना चेव आणायचा. लोक त्याला त्या टॉवेलमुळेच ओळखू लागले. त्याने टॉवेल सोडला नाही, पण सुट्टीत वजन उतरवून शरीर तयार केले. २०१४ च्या अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्याने सतरा गुण केले, त्यातले चौदा एकट्या तिसऱ्या सत्रात.

इथवर सांगितलेले ऐकून आपल्यापैकी काही जण मनात म्हणाले असतील, 'फादर गोड बोलून आम्हाला बाकावरच बसा म्हणतायत.' ही शंका रास्त आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या वाचनात रोमन इतिहासकार लिवीची एक गोष्ट आली होती. इसवी सन पूर्व ४९४ मध्ये रोममधील सामान्य जनता सरदारांच्या जुलुमाला कंटाळून नगर सोडून डोंगरावर जाऊन बसली. त्यांची समजूत काढायला मेनेनियस अग्रिप्पा नावाचा गृहस्थ गेला. त्याने सांगितले की एकदा हातापायांनी पोटाविरुद्ध बंड केले, पोटाला अन्न देणे बंद केले आणि शेवटी तेच अशक्त झाले. म्हणजे पोट सरदारांचे आणि हातपाय तुमचे, तेव्हा निमूट कामाला लागा! शरीराचा दाखला पौलाच्या आधीपासून लोकांना ठाऊक होता, आणि त्याचा वापर खालच्यांना खालीच ठेवण्यासाठी होत असे.

पौलाने तोच दाखला घेतला आणि उलटा केला. जे अवयव दुबळे वाटतात तेच अगत्याचे, असे तो म्हणतो. ज्यांना मान कमी त्यांना देवाने अधिक मान दिला आहे. डोळ्याने हाताला 'तुझी गरज नाही' असे म्हणता कामा नये. इथे पौल पायाला दटावतो, पण त्याहून अधिक तो डोळ्याला आणि मस्तकाला दटावतो. एकाला दुखले तर सगळ्यांना दुखले पाहिजे, ही त्याची कसोटी आहे. ती कसोटी आधी यादी करणाऱ्याला लागू होते.

म्हणून आता टिम डंकनची गोष्ट. तो १९९७ पासून या संघात होता आणि चार विजेतेपदे मिळवून देणारा त्यांचा सर्वात मोठा खेळाडू होता. १८ जून २०१३ रोजी मायामी येथे अंतिम फेरीचा सहावा सामना झाला. तो जिंकला असता तर विजेतेपद स्पर्सचे होते. शेवटची अठ्ठावीस सेकंदे उरली तेव्हा त्यांच्याकडे पाच गुणांची आघाडी होती. डंकनने त्या रात्री तीस गुण केले होते. समारंभासाठी मैदानाभोवती दोर लावायला माणसे पुढे आली होती. पण लांबून चेंडू टाकणाऱ्यांना अडवायला अधिक चपळ खेळाडू हवा, असा विचार करून पॉपोविच यांनी डंकनला बाहेर बसवले. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा नेम चुकला, चेंडू उसळून वर आला. तो पकडायला उंच डंकन तेथे नव्हता. क्रिस बॉशने तो पकडला, रे ॲलनकडे दिला आणि पाच सेकंदे उरली असताना ॲलनने कोपऱ्यातून बरोबरी साधली. जादा वेळेत सामना गेला. दोन दिवसांनी सातवाही गेला आणि विजेतेपद हातचे सुटले.

विचार करा, सोळा वर्षे ज्याने संघ खांद्यावर वाहिला, त्याला नेमक्या त्या क्षणी बाकावरून पाहावे लागले. पॉपोविच यांचा निर्णय त्यांच्या नेहमीच्या रीतीचाच होता, निष्काळजीपणाचा नव्हता. पण तो अंगाशी आला. डंकनला रागावण्याचा हक्क होता. पुढच्या हंगामात तो सदतीस वर्षांचा होता. आधीच, २०१२ साली, संघाला इतर खेळाडू घेता यावेत म्हणून त्याने पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी मानधनावर सही केली होती. तो परत आला आणि सामन्यामागे एकोणतीस मिनिटे खेळला. पॉपोविच यांनीही त्याला जुना मानकरी म्हणून एका बाजूला ठेवले नाही, खेळाच्या मध्यभागी ठेवले. २०१४ च्या अंतिम फेरीत समोर पुन्हा मायामीच होते. एक-एक अशी बरोबरी झाल्यावर तिसऱ्या सामन्यापासून स्प्लिटरला पहिल्या पाचातून काढून डिऑला आणले. स्प्लिटर मुकाट्याने बाकावर गेला. बावीस वर्षांचा काव्हाय लेनर्ड त्या सामन्यात एकोणतीस गुण करून गेला. तिसरा, चौथा आणि पाचवा असे तिन्ही सामने स्पर्सने मोठ्या फरकाने जिंकले. शेवटचा सामना १५ जून २०१४ रोजी झाला. तो पवित्र त्रैक्याचा रविवार होता. (हा योगायोग आमच्या लक्षात आला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला, पण त्यातून काही सिद्धान्त काढण्याचा मोह आवरतो.)

हा संघ देवदूतांचा नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच लेनर्डचे पुढे संघाशी पटले नाही आणि २०१८ साली तो दुसऱ्या संघात गेला. एकोपा एकदा झाला की कायमचा झाला, असे घरात होत नाही, धर्मग्रामातही होत नाही.

आता आमच्याविषयी. बुधवारच्या मिस्सेवर ज्यांचे नाव गेले, त्या वाचकांनी या वेदीवरून कित्येक वर्षे देवाचे वचन वाचले आहे. आमची बदली येथे होण्याच्या आधीपासून. तरुणांना संधी द्यावी म्हणून आम्ही त्यांचे नाव हलवले. तो विचार आम्हाला आजही चुकीचा वाटत नाही. पण आम्ही त्यांच्या घरी गेलो नाही. त्यांना ते फळ्यावर वाचून कळले, मागे चार माणसे उभी असताना. आम्ही अग्रिप्पासारखे वागलो आणि पौलाचे वाचन मात्र रविवारी करायला निघालो. त्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची आम्ही येथे जाहीर क्षमा मागतो. घरी येऊन तर मागणारच आहोत, कारण जाहीर क्षमा मागणे कधीकधी सोपे असते.

दुसरीही एक गोष्ट हिशेब करताना उघड झाली. गेल्या वर्षी मोठ्या सणांची वाचने त्याच चारपाच घरांत फिरली. मिनिटे वाटण्यात आम्ही कमी पडलो. आणि ज्या भगिनी दर शनिवारी वेदीची वस्त्रे धुऊन इस्त्री करून आणतात, त्यांची नावे यादीत कुठल्याच रकान्यात नव्हती.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गालीलच्या समुद्राकाठी याकोब आणि योहान यांना हाक मारतो. ते तारवात बापाबरोबर जाळी नीट करत होते. मुले निघून गेली, जब्दी तारवातच राहिला. त्याला कोणी बोलावले नाही. त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. पण मत्तयने त्याचे नाव दोन ओळींत दोनदा लिहिले आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळी बांधवाला विचारा, दोन धट्टेकट्टे मुलगे एका सकाळी तारू सोडून गेले तर बापावर काय येते. ती अर्धवट दुरुस्त झालेली जाळी त्या दिवशी कोणीतरी पुरी केलीच असेल.

फळ्यावरची यादी आम्ही काल संध्याकाळी काढून घेतली आहे. वाचकांचा आशीर्वादविधी एक रविवार पुढे ढकलला आहे. येत्या बुधवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर सभागृहात सर्व सेवकांनी जमावे. 'राखीव' हा रकाना असावा की नसावा, मोठ्या सणांची वाचने कशी फिरवावीत, हे तेथे सर्वांनी मिळून ठरवू. चहाची व्यवस्था तरुण संघाकडे आहे. ज्यांनी आपली नावे मागे घेतली आहेत त्यांनीही अवश्य यावे. ती नावे आम्ही अजून खोडलेली नाहीत.