सोबत्याच्या खांद्यावरची कावड

एखादे अवघड कार्य एकाने संकल्पपूर्वक हाती घेतले आणि ते अनेकांच्या मदतीने तडीस गेले, तर ते कोणी केले असे म्हणावे आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडावे, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत पुष्कळ जुना आहे, आणि कर्मसिद्धान्ताने तो अधिकच बिकट करून ठेवला आहे. ‘कृतनाश’ म्हणजे केलेले कर्म फळ न देताच वाया जाणे आणि ‘अकृताभ्यागम’ म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ भोगायला मिळणे, हे दोन दोष ज्या विचारव्यवस्थेत शिरतील ती व्यवस्था उभी राहू शकत नाही, असे कर्म मानणाऱ्या दर्शनांचे सामान्यतः म्हणणे आहे. मग ज्याचे ओझे काही काळ मित्राने वाहिले, ज्याला अंधारात वाट मित्राने दाखवली आणि ज्याची उमेद खचली तेव्हा मित्रानेच ज्याला पुढे नेले, त्याचे यश काही अंशी अकृताभ्यागमच ठरत नाही काय? आणि ज्या मित्राच्या नावे काहीच जमा झाले नाही, त्याच्या श्रमांना कृतनाश म्हणायचे काय?

इंदूरमध्ये हा प्रश्न श्रावणात रस्त्याने चालत येतो. ओंकारेश्वरला नर्मदेचे पाणी भरून ते उज्जैनच्या महाकाळाला घालण्यासाठी निघालेले कावडयात्री बडवाहवरून विंध्याच्या पायथ्याशी येतात, भेरूघाट चढून सिमरोळला माळव्याच्या पठारावर पोहोचतात आणि इंदूर ओलांडून पुढे जातात. सगळी वाट सुमारे १३० किलोमीटरांची, आणि तिचा कस लागतो तो निमाडच्या सखल खोऱ्यातून पठारावर चढवणाऱ्या या घाटात, बहुधा पावसात आणि अनेकांच्या बाबतीत अनवाणी. (इंदूरच्या ज्या मराठी घरांत अजून अमान्त पंचांग पाळले जाते, त्यांच्या हिशेबाने पहिल्या कावडी दाराशी येतात तेव्हा आषाढाचा वद्य पक्षच चालू असतो, उलट, उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेने भाद्रपद लागल्यावरही महाकाळाच्या सोमवारच्या सवाऱ्या निघत राहतात, तो पंधरवडा मराठी पंचांगात श्रावणाचा असतो.) कावड म्हणजे बांबूची काठी आणि तिच्या दोन टोकांना टांगलेली जलपात्रे. तिचा मुख्य नियम असा की पाणी भरल्यापासून ते पिंडीवर पडेपर्यंत ती जमिनीला टेकता कामा नये. साध्या कावडीत विसाव्यासाठी ती झाडाला किंवा टेकणीला अडकवून ठेवता येते. परंतु ‘खडी कावड’ नावाचा जो कडक प्रकार उत्तर भारतात रूढ आहे, त्यात तेवढीही मुभा नाही: यात्रेकरू जेवायला बसला किंवा आडवा झाला की कावड सोबत्याच्या खांद्यावर जाते आणि तो सोबती ती घेऊन उभा राहतो. ‘डाक कावड’ या दुसऱ्या प्रकारात पाणी कोठेच थांबत नाही. टोळीतील तरुण आळीपाळीने ते घेऊन धावतात. म्हणजे व्रत जितके कडक होते, तितका एकटा माणूस ते पार पाडण्यास असमर्थ ठरतो. तपश्चर्येविषयी मनात रुजलेले एकांतवासी साधकाचे चित्र येथे उपयोगी पडत नाही.

हीच रचना पूर्णतः लौकिक वेषात इंग्लंडच्या उत्तर भागात पाहायला मिळते. तेथील उघड्या, गवताळ-खडकाळ डोंगरमाथ्यांना ‘फेल’ म्हणतात आणि त्यांवरून धावण्याच्या क्रीडेला ‘फेल रनिंग’. केझिक गावात अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम याने जून १९३२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील ४२ शिखरे २४ तासांच्या आत पालथी घालून गावच्या मूट हॉलपाशी परत येण्याचा पराक्रम केला. वाट सुमारे १०६ किलोमीटरांची आणि एकूण चढण ८,००० मीटरांहून अधिक. त्याही वेळी मित्र आळीपाळीने त्याच्याबरोबर धावत होते. १९७१ मध्ये या फेरीसाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने सदस्यत्वासाठी जो नियम घातला तो येथे महत्त्वाचा आहे: प्रत्येक शिखरावर धावकासोबत साक्षीदार असला पाहिजे. परिणामी सोबती हा या आव्हानाचा अंगभूत भाग झाला. फेरीचे पाच टप्पे पडतात, टप्प्यांच्या सांध्यावर रस्ता आडवा येतो, तेथे मध्यरात्रीसुद्धा कोणीतरी गरम अन्न घेऊन थांबलेले असते आणि पुढच्या टप्प्याचे ताज्या दमाचे सोबती तेथून निघतात. नकाशा, घड्याळ, पाणी आणि खाणे त्यांच्याकडे असते. धावकाकडे फक्त त्याचे पाय उरतात, आणि ते मात्र कोणाच्या हवाली करता येत नाहीत.

दुसऱ्याच्या हवाली काय करता येते आणि काय येत नाही, याचा सर्वांत काटेकोर विचार भारतात ज्यांनी केला ते मीमांसक. यज्ञविधींच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा, आणि जैमिनीची सूत्रे व त्यांवरील शबराचे भाष्य हे तिचे मूळ ग्रंथ. सोमयागात सोळा ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म करणारे पुरोहित, राबतात. मंत्र ते म्हणतात, सोम ते कुटतात, आहुती ते टाकतात, परंतु स्वर्गफळ मिळते ते एकट्या यजमानाला. हे अकृताभ्यागम का नव्हे? मीमांसकांचे उत्तर ‘परिक्रय’ या कल्पनेत आहे. दक्षिणा देऊन यजमान ऋत्विजांचे श्रम विकत घेतो, त्यामुळे ते कर्म न्यायतः त्याचेच होते. मात्र सगळेच विकत घेता येत नाही, याची जाणीवही त्यांना होती. संकल्प, द्रव्याचा त्याग, आणि विशेष म्हणजे उपवासादी तप हे यजमानानेच करायचे. धान्याच्या जागी दुसरे धान्य ‘प्रतिनिधी’ म्हणून चालते, पण यजमानाच्या जागी दुसरा यजमान चालत नाही.

परिक्रयाचे ऐतिहासिक उदाहरण इंदूरकरांना घरचेच आहे. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरातून राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून देशभरातील देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी पोहोचवण्याची व्यवस्था केली होती. संकल्प बाईंचा, द्रव्य बाईंचे, चालणारे पाय मोबदला घेणाऱ्या कावड्यांचे. मीमांसेच्या चौकटीत येथे कोणताच पेच उरत नाही. त्या कावड्यांच्या पायांना पडलेल्या भेगा तपात जमा होत नाहीत, त्या मजुरीत जमा होतात. हे ऐकायला कठोर वाटते, परंतु व्यवहार उघड आणि पुरता असल्यामुळे त्यात कोणाची फसवणूकही नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘सत्र’ आहे. सत्र म्हणजे बारा किंवा त्याहून अधिक दिवस चालणारा असा सोमयाग, ज्यात किमान सतरा जण एकत्र येतात, सगळेच यजमान असतात आणि सगळेच ऋत्विज, कोणी कोणाला दक्षिणा देत नाही, आणि फळाचे सतरा तुकडे न होता प्रत्येकाला ते अखंड मिळते. सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत सासवडच्या मानाच्या कावडी मुंगी घाटातून शंभू महादेवाच्या डोंगरावर चढवल्या जातात, त्या दृश्याला सत्राखेरीज दुसरे नाव शोभत नाही. कडा इतका उभा आहे की ती अवजड कावड एका माणसाने नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माणसांची साखळी उभी राहते, वरचे हात ओढतात, खालचे पेलतात, आणि कावड वर पोहोचली की ती सर्वांची पोहोचते. शास्त्रातील सत्राचा अधिकार केवळ ब्राह्मणांपुरता होता; मुंगी घाटाने ती अट कधी विचारल्याचे दिसत नाही. डाक कावडही याच जातीची, कारण तेथे धावणारा बदलतो आणि संकल्प टोळीचा असतो.

आता खडी कावड आणि फेलवरची धाव यांतील सोबत्याकडे वळल्यास ही दोन्ही रूपे अपुरी पडतात, आणि मूळ प्रश्नाची खरी अडचण येथे आहे. या सोबत्याला दक्षिणा मिळत नाही, म्हणून तो ऋत्विज नव्हे. संकल्प त्याचा नाही आणि नोंदवहीत त्याचे नाव यशस्वी म्हणून चढत नाही, म्हणून तो सत्रातला सहयजमानही नव्हे. सत्रात एखादा यजमान मरण पावला तर संख्या भरून काढण्यासाठी जो आणला जातो, तो काम करतो परंतु फळाचा स्वामी होत नाही, असे मीमांसक सांगतात. सोबती त्याच्या जवळपास येतो, पण तो बदली माणूसही बोलावून आणलेला असतो, सोबत्यासारखा आपण होऊन आलेला नसतो. एकट्याने, कोणाचीही मदत न घेता केलेला प्रयत्नच शुद्ध, असे म्हणून ही अडचण टाळणारे लोक डोंगरधावकांतही आहेत आणि यात्रेकरूंतही. त्या आग्रहात तत्त्वापेक्षा अहंकारच अधिक असण्याचा संभव आहे, कारण जो वाट एकटा चालतो त्याच्याही पायांखाली ती वाट दुसऱ्यांनीच पाडलेली असते.

शतपथ ब्राह्मणाने जन्मतः माणसावर असलेली ऋणे सांगताना देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचे ऋण चौथे म्हणून धरले आहे आणि आसरा व अन्न देण्याने ते फिटते असे मानले आहे. या ऋणाचे वैशिष्ट्य असे की ते ज्याच्याकडून घेतले त्यालाच फेडायचे बंधन नाही. समोर येणारा कोणीही माणूस त्याचा अधिकारी होतो. इंदुरात कावडयात्रेच्या मार्गावर मांडव घालून साबुदाण्याची खिचडी आणि चहा देणारे, अनोळखी पाय चोळून देणारे जे लोक दिसतात, त्यांची कृती या ऋणाच्या भाषेत नेमकी सांगता येते, आणि फेल धावकांतही ज्याला सोबत मिळाली त्याने पुढे दुसऱ्या कोणाची सोबत करावी अशीच रीत आहे. बिली ब्लँड या धावकाने १९८२ मध्ये ही फेरी १३ तास ५३ मिनिटांत पुरी केली होती. तो विक्रम ३६ वर्षे टिकला आणि २०१८ मध्ये किलियन जोर्नेत या कातालान धावकाने स्थानिक सोबत्यांच्या साहाय्याने तो एका तासाहून अधिक फरकाने मोडला, तेव्हा स्वागताला मूट हॉलपाशी स्वतः ब्लँड हजर होता. विक्रमाच्या हिशेबात त्याचा तोटा झाला होता. ऋणाच्या हिशेबात त्याला तेथे असायलाच हवे होते.

तथापि ऋणाची कल्पना सोबती का येतो एवढेच सांगते. त्याचे कर्म पुरे केव्हा झाले, हे ती सांगत नाही. हा मुद्दा ऐरणीवर येतो तो अपयशात. धावक विसाव्या शिखरावर कोलमडला आणि रस्त्यावर उतरून गाडीत बसला, तर पावसात त्याच्यासाठी पाच तास चालून आलेल्या सोबत्याचे कर्म फुकट गेले काय? सोबत्याची कृती धावकाच्या कृतीचे केवळ अंग आहे असे मानले, तर अंगी, म्हणजे मुख्य कर्म, बुडाला की अंगही बुडाले, असेच म्हणावे लागेल.

येथे मीमांसेतील एक भेद, जो त्यांनी पूर्णतः वेगळ्या कारणासाठी केला होता, उपयोगी पडतो. विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेल्या कर्माला ‘काम्य’ म्हणतात आणि फळाची इच्छा असो वा नसो, जे केलेच पाहिजे त्या कर्माला ‘नित्य’. अग्निहोत्र आयुष्यभर करायचे म्हणून ते नित्य. पाऊस पडावा म्हणून केलेली कारीरी इष्टी काम्य. दोहोंच्या पूर्णतेचे माप सारखे नाही. काम्य कर्म सर्व अंगांसह, जराही न्यून न ठेवता झाले तरच फळते. नित्य कर्मात मात्र एखादे अंग शक्तीअभावी राहून गेले तरी कर्म पुरेच धरले जाते, कारण ते ‘यथाशक्ति’ करायचे असते. ग्रॅहमची फेरी या अर्थाने निखळ काम्य आहे: २४ तासांवर एक मिनिट गेले की सगळी ४२ शिखरे चढूनही ती झाली नाही. खडी कावडही एकदा भुईला टेकली की टेकली, त्यात थोडीशी टेकली असे काही नसते. सोबत्याचे कर्म मात्र नित्याच्या मापाने मोजायला हवे. मित्राला साथ देणे हे त्याला एखाद्या फळासाठी पत्करायचे नसते. ते मैत्रीतच अनुस्यूत असते, आणि म्हणून जेवढे झाले तेवढे पुरे असते. अर्ध्या टप्प्यात मागे पडलेला, वाट चुकून उशिरा पोहोचलेला, डबा घेऊन थांबूनही ज्याच्याकडे धावक आलाच नाही असा, यांपैकी कोणाचेही कर्म अपुरे ठरत नाही.

असे मानल्यास आरंभीचे दोन्ही दोष टळतात. धावकाला सोबत्याचे फळ मिळत नाही, कारण संकल्प आणि तप त्याचे स्वतःचेच असतात. सोबत्याचे फळ नष्ट होत नाही, कारण ते धावकाच्या फळावर अवलंबूनच नसते. एकाच वाटेवर, एकाच वेळी, दोन वेगळी कर्मे चाललेली असतात, आणि त्यांपैकी एक यशस्वी होऊ शकते वा फसू शकते, दुसरे फसूच शकत नाही. यावर असा आक्षेप घेता येईल की मग सोबत्याला धावकाच्या यशाची पर्वाच उरणार नाही. परंतु अग्निहोत्री जसा शक्य असून अंग गाळत नाही, तसा यथाशक्ति हा शब्द आळसाला आसरा देत नाही. सोबत्याला धावकाचे यश हवेच असते, फक्त त्याचा हिशेब त्या यशाने मिटत नाही. भेरूघाटाच्या वळणावर यात्रेकरू जेवत असताना त्याची कावड खांद्यावर घेऊन उभा असलेला तरुण उद्या उज्जैनला गर्दीत मागे राहिला आणि पिंडीवर पाणी पडताना त्याने पाहिले नाही, तरी त्याच्या बाजूने विधीचे काहीच शिल्लक राहत नाही.