प्रतिपक्षी आणि सहप्रवासी

उतारवयांत जीं थोडीं सुखें मनुष्याच्या वाट्याला उरतात, त्यांत मोटारींतून खेड्यापाड्यांकडे निरुद्देश फिरून येण्याचें सुख मी फार वरच्या प्रतीचें मानतों. तारुण्यांत आपण कोठें तरी पोंचण्यासाठीं प्रवास करतों. वृद्धपणीं वाटेसाठींच वाट धरतों. पुण्याहून निघावें, कात्रजचा घाट मागें टाकावा, नीरा ओलांडून शिरवळ गांठावें, खंबाटकी चढून उतरावी आणि सुरूरपाशीं हमरस्ता सोडून वाईकडे वळावें, हा माझा नेहमींचा क्रम. त्या वाटेवर जे जुने वड अद्याप उभे आहेत, त्यांच्याखालून जातांना मनांत येतें, कीं ज्यांनीं हीं झाडें लावलीं त्यांना ही सावली मिळाली नाहीं. आणि मीही ती घटकाभर भोगून पुढें निघून जाणार आहें. शेतें, ओढे, देवळांचीं शिखरें एकामागून एक मागें पडतात, आणि पुढच्या पावसाळ्यांत हें पुन्हा दिसेल काय, असा प्रश्न उभा राहतो. त्यांत खेद फारसा नसतो. हिशेब मिटवण्याची वेळ जवळ आली आहे, एवढी जाणीव मात्र असते.

त्या हिशेबांतील एक बाब मला अलीकडे फार छळते. या फेरफटक्यांत माझ्या शेजारीं बसणारे माझे स्नेही राजकारणांत माझ्या अगदीं विरुद्ध मताचे आहेत. स्नेह पन्नास वर्षांचा. परंतु गेल्या कांहीं वर्षांत निवडणुकीचा विषय निघाला कीं दोघांचाही आवाज चढूं लागला. शेवटीं आम्हीं करार केला, कीं कात्रज ओलांडल्यावर राजकारण बोलावयाचें नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असाच करार झालेला असेल. सख्खे भाऊ लग्नकार्यांत एकमेकांना टाळतात. मोबाईलवरील कुटुंबाच्या गटांतून एखादे काका रागानें बाहेर पडतात, ते दिवाळीच्या फराळालाही येत नाहींत. तेव्हां प्रश्न असा, कीं ज्यांची वाट सरत आली आहे त्यांनीं या मतभेदांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें?

याचें सर्वांत सोपें उत्तर स्मशानांत मिळतें. चितेपुढें उभें राहिलें कीं पक्ष, निवडणुका, सत्ता, सारें क्षुद्र वाटूं लागतें. दोन दिवसांच्या सोबतींत भांडण कशाला, असें जो तो म्हणतो. परंतु हें स्मशानवैराग्य घरीं येऊन स्नान करीपर्यंतही टिकत नाहीं, आणि टिकलें तरी तें खरें नव्हे. मरणापुढें मतभेद क्षुद्र ठरत असतील, तर न्याय आणि अन्यायही तसेच क्षुद्र ठरतील. वाईच्या वर धोम येथें कृष्णेवर धरण आहे. त्याच्या पाण्यानें कित्येकांचीं शेतें भिजलीं, आणि त्याच पाण्याखालीं कित्येकांचीं शेतें गेलीं. धरण कोठें बांधावें, बुडालेल्यांना काय द्यावें, पाणी कोणाला किती मिळावें, हें ठरवणें म्हणजेच राजकारण. ठरवणारा उद्यां मरेल. ठरलेली गोष्ट मात्र त्याच्या नातवंडांना बांधून ठेवील. म्हणून मृत्यूच्या जाणिवेनें राजकारण हलकें होत नाहीं, उलट अधिक भारी होतें.

मग मृत्यु आपणांस कांहींच शिकवत नाहीं काय? शिकवतो, परंतु तो धडा आपल्याच इतिहासांत पाहावा. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यांत, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतरानें जन्मलेले. दोघांनीं एका शाळेंत शिकवलें, 'केसरी'चें काम केलें, १८८२ मध्यें कोल्हापूर प्रकरणांत डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस बरोबर काढले. पुढें आधीं सामाजिक सुधारणा कीं आधीं राजकीय, या वादानें त्यांची फारकत झाली, आणि १८८८ मध्यें आगरकरांनीं 'सुधारक' काढला. वाद कडवट होता, परंतु क्षुद्र मुळींच नव्हता. बालविवाह, केशवपन, संमतिवय, यांवर असंख्य स्त्रियांचें आयुष्य अवलंबून होतें. त्या धामधुमींत पुण्याच्या सनातन्यांनीं आगरकर जिवंत असतांना त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजीं ते खरोखरच गेले, तेव्हां त्यांचें वय ३८ होतें. 'केसरी'तील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला, आणि तो लिहितांना त्यांना अश्रु आवरेनात, असें सांगतात.

वीस वर्षांनीं तोच प्रसंग पुन्हा आला. टिळक व गोखले यांच्या पक्षांची १९०७ मध्यें सुरतेस ताटातूट झाली होती. ती सांधण्याच्या वाटाघाटी १९१४ च्या अखेरीस झाल्या आणि फसल्या. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले वारले. टिळक सिंहगडाहून खालीं आले आणि त्यांनीं स्मशानांत आपल्या प्रतिपक्ष्याचा मोठ्या मनानें गौरव केला. दोन्ही पक्ष लखनौस एकत्र आले तें १९१६ च्या डिसेंबरांत. तें पाहावयास गोखले उरले नव्हते.

टिळकांची ती उदारता खरी होती, आणि तिच्यापायीं त्यांनीं आपलें मत तिळमात्र सोडलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रामायणांत रावण पडल्यावर राम बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करावयास सांगतो. वैर मरणापर्यंतच, अशी त्याची भूमिका. आपण सामान्य माणसें त्याचा अर्थ असा घेतों, कीं मरेपर्यंत वैर करण्यास जणूं मोकळीकच आहे! परंतु मेलेल्या प्रतिपक्ष्याशीं उदार होणें सोपें असतें. तो उत्तर देत नाहीं, मतदानालाही जात नाहीं. हा मनुष्य प्रामाणिक होता, निर्लोभी होता, यालाही देशाचीच चिंता होती, असें आपण मृत्युलेखांत लिहितों. तें खरें असेल, तर त्याच्या हयातींत त्याच्या तोंडावर कां सांगितलें नाहीं?

जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढावयाला आज तिरडी बांधावी लागत नाहीं. 'तो मला मेला' एवढे तीन शब्द पुरतात. मतभेदाचें विष विरोधांत नाहीं, प्रतिपक्षी मुळीं नसावाच या इच्छेंत आहे. आणि केवळ मौनानें तें उतरत नाहीं. मौनाचा करार पाळतांना दोघेही आपापला अर्धा माणूस घरीं ठेवून प्रवासाला निघतात. म्हणून आतां आम्हीं तो करार बदलला आहे. दुसऱ्याचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधीं मांडावयाचें, आणि मगच खोडावयाचें. आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्षाची पद्धति हीच. खंबाटकी चढून होते तरी पुष्कळदां आमचा पूर्वपक्षच पुरा होत नाहीं. पण आवाज चढत नाहीं, आणि माझे स्नेही कोणत्या भयापोटीं तसें मत देतात, हें पन्नास वर्षांत प्रथमच मला कळूं लागलें आहे.

कोणी म्हणेल, ज्याच्या मतानें दुर्बळांवर प्रत्यक्ष अन्याय होतो, त्याच्याशीं स्नेह ठेवणें म्हणजे अन्यायाला आसरा देणें. आक्षेप वजनदार आहे. अशा ठिकाणीं मौन पाळणारा स्नेह हा स्नेहही नव्हे आणि नीतिही नव्हे. तेथें मतानें, कायद्यानें, लेखणीनें विरोध केलाच पाहिजे. आगरकरांनीं तो जन्मभर केला, अत्यंत कठोर शब्दांत केला. परंतु त्यांनीं कोणाची प्रेतयात्रा काढली नाहीं.

वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागें, कृष्णेच्या घाटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती ओतली गेली चर्चसाठीं, आणि मराठ्यांच्या हातीं आली १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत. आज तिच्याकडे पाहणाऱ्या पोराच्या मनांत पोर्तुगीजांविषयीं कांहीं वैर नसतें. काळ वैर पुसतो हें खरें, परंतु त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागतात, आणि आम्हां वृद्धांपाशीं तेवढी सवड नाहीं. नातवंडांना आपलीं मतें जरूर सांगावींत; तीं पारखून घेण्याइतकी बुद्धि त्यांना आहे. वैर मात्र मागें ठेवूं नये. तें कोणी पारखून घेत नाहीं. वडिलोपार्जित कर्जाप्रमाणें तें नुसतें अंगावर पडतें.